तिकांडं

आमच्या मळ्यातल्या मोटारीला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. बाराला येणार, सकाळी आठला जाणार. द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायचे दिवस, त्यामुळे पाण्याचं एक बारं चुकवून चालत नाही. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला आहे, पण ठिबकचे व्हॉल्व्ह हातानेच बदलावे लागतात आणि नानांचा यंत्रापेक्षा स्वतःच्या जागं राहण्यावर जास्त विश्वास. नाना म्हणजे माझे वडील, वय 74. घरात गोधडी पांघरून बाराची वाट बघितली की डोळा लागतो, म्हणून ते परसदारी शेकोटी करून बसतात. निम्मं आयुष्य त्यांनी असं पाण्यासाठी जागून काढलंय. त्यांच्या जागरणाचा आणि माझ्या जागरणाचा काही संबंध असेल, हे मात्र यंदाच्या पौषापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

माझं जागरण दुर्बिणीचं. आठ इंची आरशाची डॉब्सोनियन, चार वर्षांपूर्वी घेतलेली. जाड नळी, खाली लाकडी फिरती बैठक. मोटार नाही, संगणक नाही, हाताने ढकलायची आणि हातानेच थांबवायची. नळीच्या तळाशी 203 मिलिमीटर व्यासाचा खोलगट आरसा. अंधारात पूर्ण उघडलेली माणसाची बाहुली साधारण 7 मिलिमीटरची असते. म्हणजे हा आरसा डोळ्याच्या 800 पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. दुर्बीण म्हणजे लहान गोष्ट मोठी करून दाखवणारं यंत्र, असं बहुतेकांना वाटतं. दूरच्या, अंधुक गोष्टींच्या बाबतीत ते खरं नाही. देवयानी दीर्घिका आकाशात पूर्णचंद्राच्या पाच-सहा पट रुंद पसरलेली आहे. ती आपल्याला दिसत नाही ती लहान म्हणून नव्हे, मंद म्हणून. पावसात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, थेंब सारखेच पडतात, परातीत पाणी जास्त साठतं. आरसा ही परात.

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. गच्चीवरून चंद्र, शनीची कडी, गुरूचे पट्टे छान दिसतात. त्यापलीकडचं काही बघायचं म्हटलं की शहराचा उजेड आडवा येतो. तेजोमेघ आणि दीर्घिका म्हणजे आकाशाच्या काळेपणावरचे फिकट डाग. आकाशच राखाडी झालं की डाग त्यात विरून जातो, मग आरसा कितीही मोठा असो. पुण्याला जाताना नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्या दुर्बिणी भर दुपारीही काम करतात, कारण त्या प्रकाश नव्हे, रेडिओलहरी टिपतात. माझ्यासारखीला मात्र अंधारच हवा. म्हणून अमावास्या जवळ आली की नळी मागच्या सीटवर आडवी घालायची, बैठक डिकीत कोंबायची आणि गंगापूर धरणाला वळसा घालून गिरणारेच्या रस्त्याला लागायचं. मळ्यातून शहराचा पिवळा फुगवटा एका अंगाला दिसतो, पण नैर्ऋत्येला अंजनेरी, तिच्या मागे ब्रह्मगिरी, आणि त्यांच्यावरचं आकाश अजून आकाशासारखं आहे.

पौष अमावास्येच्या आदल्या शनिवारी मी पोहोचले तेव्हा सात वाजून गेले होते. वारा पडलेला, थंडी चढत चाललेली. शेजारच्या बागांतून शेकोट्या पेटल्या होत्या. थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्रभर धुमी करतात, तिचा धूर जमिनीलगत पडून राहिला होता. वर मात्र आकाश लख्ख.

आधी आईशी वाटाघाट झाली. बिबट्यामुळे ती परसदारचा मोठा एलईडी रात्रभर चालू ठेवते. महिन्याभरापूर्वी शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली होती, त्यामुळे तिचं चुकत नव्हतं. माझी अडचण अशी, की अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती सगळी मिनिटं वाया घालवते. शेवटी ठरलं ते असं: दिवा बंद, मोती दुर्बिणीशेजारी बांधलेला, नाना काठी घेऊन माझ्याजवळ, शेकोटी गोठ्याच्या भिंतीआड, आणि नानांच्या बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे लाल उजेडात सराव मोडत नाही. आई पायरीवर बसून थोडा वेळ बघत राहिली, मग आत गेली.

देवयानीपासून सुरुवात केली, कारण ती पश्चिमेला कलायला लागली होती. नानांना स्टुलावर बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "धूर आलाय मधी."

"धूर नाही नाना, तेच बघायचंय."

"हे?"

"हे. आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा. हा प्रकाश तिथून निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली."

नाना काही बोलले नाहीत. 25 लाख हा आकडा ऐकून मीसुद्धा आतून कधी हललेले नाही, खरं सांगायचं तर. मला हलवून गेली ती त्या अंतरामागची युक्ती. 1923 साली माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीनं एडविन हबलला या डागात एक तारा सापडला, ठरावीक तालात तेजस्वी होणारा आणि मंदावणारा. अशा ताऱ्याचा ताल जितका संथ, तितकं त्याचं खरं तेज जास्त. खरं तेज कळलं आणि इथून दिसणारं तेज मोजलं, की अंतर हाती येतं. लांबच्या रस्त्यावर दिवा दिसला आणि तो कितीचा आहे हे ठाऊक असलं, तर तो किती लांब आहे ते सांगता यावं, तसं. त्या एका ताऱ्यानं ठरलं, की हा ढग आपल्या आकाशगंगेतला नाही.

"सरळ बघू नका," मी म्हटलं. "जरा कडेला नजर ठेवा, मग कडेच्या डोळ्यानं जास्त दिसेल."

"जनावर बघतो तसं."

मी विचारलं, म्हणजे कसं. तर तरुणपणी मक्याच्या राखणीला माळ्यावर बसायचे तेव्हा त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं: अंधारात रानडुक्कर हललं असं वाटलं तर त्याच्यावर नजर रोखायची नाही, हातभर बाजूला बघायचं, मग ते दिसतं. रोखून बघितलं की नाहीसं होतं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दाटीनं असतात आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी कडेला. हौशी निरीक्षकाला ही तिरकी नजर साधायला महिने लागतात. मला लागले. नानांनी दुसऱ्या खेपेला डोळा लावला आणि म्हणाले, "आता मोठं झालं. पार काठापर्यंत गेलंय."

मग म्हणाले, "तुझं ते राहू दे आता. तिकांड्यात काय दिसतं ते दाखव."

तिकांडं हा शब्द मी लहानपणी ऐकला होता आणि विसरले होते. त्यांनी काठीनं पूर्वेकडे वर बोट केलं. एका ओळीत तीन तारे. विहिरीवर इंजिन होतं आणि घरात घड्याळ एकच, तेव्हा रात्रीचं बारं या तिघांवर मोडायचं. तिकांडं कडुलिंबाच्या शेंड्यावर आलं की पहिला वाफा, माथ्यावर आलं की दुसरा, डोंगराकडं कललं की इंजिन बंद. "पण रोज थोडं आधी येतं ते," नाना म्हणाले. "पंधरा दिवसांत तासाचा फरक पडतो. तेवढं ध्यानात ठेवावं लागतं." रोज चार मिनिटं, पंधरा दिवसांचा एक तास. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. पाणी देताना त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

तिकांड्याच्या खाली तीन फिकट तारे लोंबतात. त्यातला मधला ठिपका नुसत्या डोळ्यांनाही जरा धूसर वाटतो. नळी तिकडे वळवली, 25 मिलिमीटरचं नेत्रभिंग घातलं. 48 पट. मी आधी स्वतः बघून घेतलं, तो मोह मला कधीच आवरत नाही. मृगातला तेजोमेघ. शेकडो वेळा बघितला आहे आणि दर वेळी बघताना श्वास जरा वर राहतो. मध्यभागी चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन, हिऱ्याच्या कुडीसारखा. त्याच्याभोवती हिरवट-राखाडी उजेड, दोन्ही अंगांना पंखासारखा पसरत गेलेला, आणि एका बाजूनं काळी खाच आत घुसलेली. छायाचित्रांत हा मेघ गुलाबी-जांभळा असतो. डोळ्याला एवढ्या मंद प्रकाशात रंग कळत नाहीत, फक्त हिरवट झाक जाणवते. मला छायाचित्रापेक्षा हा रंग आवडतो. तो कॅमेऱ्यानं तासभर साठवलेला नसतो, त्या क्षणी डोळ्यात आलेला असतो. हायड्रोजनचा प्रचंड ढग, आणि त्या चार नव्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं तो पेटलेला. अंतर सुमारे 1,350 प्रकाशवर्षं. म्हणजे हा उजेड निघाला तेव्हा पांडवलेणी बऱ्यापैकी जुनी झाली होती आणि इकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

नाना बराच वेळ डोळा लावून बसले. मग डोळा बदलला. पुन्हा बदलला.

"दोन डोळ्यांना दोन तऱ्हा दिसतायत. या डोळ्यानं निळसर. ह्यानं मळकट."

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं आहे, डाव्याचं बाकी आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवतात. म्हणजे नानांच्या उजव्या डोळ्याला त्या रात्री जो निळेपणा दिसत होता, तो माझ्या पंचेचाळिशीच्या डोळ्यांना दिसत नव्हता. मी चार वर्षं जी गोष्ट बघत आले, ती त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याहून जास्त बघितली.

मी सहज म्हणून गेले, "मृगातली ही सगळ्यात सुंदर जागा."

त्यांनी डोळा काढला. "कुठल्या मृगातली?"

"मृग नक्षत्र. हे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. वरती ते तीन बारीक, ते डोकं. पोटात घुसलेला बाण म्हणजे तुमचं तिकांडं. आणि तो खालचा एकदम तेजस्वी, तो बाण मारणारा व्याध."

"पावसाचं मृग?"

"तेच."

नाना गप्प झाले. मी अंधारात त्यांचा चेहरा बघायचा प्रयत्न केला, पण दिसला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "मला तिकांडंच ठाऊक."

त्या क्षणी मला जे कळलं ते आधी कळायला हवं होतं. या माणसानं सत्तर मृग बघितले आहेत. मृग लागला, मृग कोरडा गेला, मृगाचं वाहन यंदा काय, मृगाचा तांबडा मखमली किडा बांधावर आला, वाफसा झाला, पेरलं. पंचांगातला मृग त्यांच्या हाडात आहे. आणि आकाशातले हेच तारे तितक्याच वर्षांपासून त्यांच्या रात्रींचं घड्याळ होते. दोन्ही त्यांच्याच आयुष्यात, मधे फक्त एक वाक्य राहिलेलं. शाळेत ते चौथीपर्यंत गेले, मी पदवीधर झाले, दुर्बीण घेतली, मित्रमैत्रिणींच्या मुलांना बोलावून बोलावून मृग दाखवला. हे वाक्य घरी सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

त्यांचा पुढचा प्रश्न लगेच आला. "मंग मृगात हे का नाही दिसत? ढग असतात म्हणून?"

"ढग नसले तरी नाही दिसणार."

"का?"

मी त्यांना गोठ्यामागे शेकोटीपाशी घेऊन गेले. डोळ्यांचा सराव मोडणार होता, मोडू दे म्हटलं. शेकोटीच्या पलीकडे द्राक्षाच्या मांडवाचा एक जुना खांब उभा आहे. मी म्हटलं, शेकोटी म्हणजे सूर्य. तुम्ही म्हणजे पृथ्वी. तो खांब म्हणजे मृग, फक्त तो फार फार लांब आहे असं समजा. इथे उभे राहा, खांब शेकोटीच्या बरोबर मागे येईल असे. दिसतो खांब?

"जाळाच्या उजेडात नीट नाही दिसत."

"हा जून. सूर्य मृगात आहे असं म्हणतात तेव्हा तो असा मृगाच्या पुढे आलेला असतो. आता शेकोटीला अर्धी फेरी मारा."

ते काठी टेकत शेकोटीला वळसा घालून खांब आणि जाळ यांच्या मधे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता जाळाकडे पाठ करा. जाळाकडे पाठ म्हणजे रात्र. समोर काय?

"खांब."

"हा पौष."

ते तिथेच उभे राहिले. मग काही न सांगता स्वतःच उलट फेरी मारून पहिल्या जागी आले, जाळाकडे बघितलं, पुन्हा गेले. दुसऱ्या फेरीनंतर म्हणाले, "म्हणजे पेरणीच्या टायमाला हे दिवसा वर असतं. आपण खाली पेरतो आणि हे माथ्यावर असतं."

मी चार वर्षांत हे वाक्य असं कधी म्हटलं नव्हतं. सूर्य 27 नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो, एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो, हे मी सांगत आले. पेरणाऱ्याच्या डोक्यावर भर दुपारी मृग उभा असतो, हे मला सुचलं नाही. शेतात उभं राहून विचार केलेल्या माणसालाच ते सुचायचं.

मग पुन्हा परसदारी येऊन बसलो. डोळे सरावेपर्यंत वीस मिनिटं बोलण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. नाना म्हणाले, "आमच्या लहानपणी सातला लागायचा मृग. आता कॅलेंडरात आठला असतो. कसं काय?"

हे मी त्यांच्या तोंडून आधीही ऐकलं होतं आणि जुन्या माणसांची आठवण म्हणून सोडून दिलं होतं. त्या रात्री हिशेब केला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुल पुरी व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. त्यामुळे ऋतूंच्या मानानं नक्षत्रं हळूहळू सरकतात, साधारण 72 वर्षांत एक दिवस. नाना 74 वर्षांचे. त्यांच्या हयातीत मृग एका दिवसानं सरकला आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हे विचारलं, की मग अजून दोन हजार वर्षांनी काय. मी म्हटलं, मृग जुलैत लागेल. त्यांनी बोटं मोजली. "मंग पाऊस जूनलाच आला तर तेव्हाचे लोक कृत्तिकेत पेरतील." दोन नक्षत्रं मागे. बरोबर होतं. याच सरकण्याला उलटं मोजत लोकमान्य टिळकांनी 1893 साली वेदांचा काळ शोधायचा प्रयत्न केला होता. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा, मृगशीर्षात असल्याच्या खुणा त्यांना वेदवाङ्मयात दिसल्या होत्या. आज तो संपात उत्तराभाद्रपदात आहे. टिळकांच्या निष्कर्षावर वाद झाले आणि होतात, पण त्यांनी वापरलेलं घड्याळ खरं आहे. त्याचा एक टोला माझ्या वडिलांच्या आयुष्यात पडला.

अकराच्या सुमारास गुरू चांगलाच वर आला. पुनर्वसूच्या जोडीपाशी, मिथुनेत. खोल आकाश बघणाऱ्याला गुरू थोडा अडचणीचाच, एवढ्या तेजानं डोळे दिपतात. पण नाशिकच्या माणसाला गुरू न दाखवून कसं चालेल. चार चंद्र एका ओळीत, मधे पट्ट्यापट्ट्यांचा चपटा गोळा. "सिंहस्थाचा गुरू हाच?" नानांनी विचारलं. हाच. सूर्याभोवती एक फेरी सुमारे 11.86 वर्षांची, म्हणून बारा वर्षांनी सिंहेत येतो, 2015 नंतर आता 2027 ची स्नानं. नाना प्रत्येक सिंहस्थाला रामकुंडावर गेले आहेत. त्यांनी चंद्र दोनदा मोजले आणि उठले.

बाराला तीन मिनिटं कमी असताना लाईट आली. समोरच्या वस्त्यांवर एकेक बल्ब लागत गेले, मोटारी घुमायला लागल्या, अंधाराचा तुकडा तुकडा गेला. नाना मोतीला सोडवून बागेत निघून गेले. लाल कागद लावलेली बॅटरी दोन ओळींमधून हलत जाताना दिसत होती.

मग आई आली, दीडच्या सुमारास, चहा घेऊन. तेव्हा मी मान मोडून पुष्य बघत होते. नाशिकचा अक्षांश 20 अंश उत्तर आणि पुष्यातल्या तारकागुच्छाचं स्थान जवळजवळ तेवढंच, म्हणून तो इथून अगदी डोक्यावरून जातो. सरळ वर रोखलेली डॉब्सोनियन वळवणं कठीण असतं, ती गरगर फिरते पण जिथे पाहिजे तिथे जात नाही. मी धडपड सोडून दिली आणि आईला ईशान्येला सप्तर्षी दाखवले. तिचा शब्द बाजलं. चार खुरांचं बाजलं आणि ते पळवणारे तीन चोर. मधला चोर वसिष्ठ, त्याला चिकटलेली फिकट अरुंधती.

"लग्नात दाखवली होती भटजींनी," आई म्हणाली. "मांडवात, भर दुपारी. आकाशाकडे बोट केलं, मी मान हलवली."

"वैशाख होता ना?"

"हो. होती का तेव्हा तिथं?"

खोटं सांगावंसं वाटलं नाही. वैशाखात दुपारी बारा-साडेबाराला सप्तर्षींचा तो भाग क्षितिजाखाली असतो. सांगितलं. आईनं दुर्बिणीला डोळा लावला. त्यात वसिष्ठ हा एक नाही, दोन चिकटलेले तारे दिसतात, आणि अरुंधती त्यांच्यापासून बरीच दूर, स्वच्छ, एकटी. ती खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, "आज दिसली म्हणायची," आणि कप घेऊन आत गेली.

त्यानंतरचे तीन तास एकटीचे. रात्रीचा हा भाग मी कुणाला सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात थोडं असतं. नकाशा, लाल उजेड, शोधदर्शकाच्या काचेवर दव, ते हातरुमालानं टिपायचं नाही हे स्वतःला बजावायचं, बोटं बगलेत धरायची. एक डाग सापडतो, दोन सापडत नाहीत. साडेचारच्या सुमारास हस्त दक्षिणेकडे वर आलं, पाच बोटांच्या पंजासारखं. सूर्य या पंजात येतो तेव्हा आम्ही पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडल्याची गाणी म्हणायचो. तेव्हाही हस्त दिवसाच माथ्यावर होतं तर. पंज्याच्या वरच्या अंगाला शोधत गेले आणि मेसिए 104 ही दीर्घिका सापडली: तिरपी धरलेली ताटली, मधे फुगवटा, अंतर सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षं. एवढीशी. नखाच्या कडेएवढी.

सव्वापाचला मी ज्यासाठी जागत होते ती वेळ आली. चित्रा दक्षिणेला चढली होती. चित्रेपासून सरळ खाली, क्षितिजाकडे उतरत जायचं, नरतुरंगात. पन्नास पटीच्या भिंगात आधी फक्त राखाडी चेंडू दिसला. मग थोडं थांबल्यावर तो चेंडू फुटला आणि त्याचे तारे झाले. ओमेगा सेंटॉरी, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ. 17,000 प्रकाशवर्षं दूर, सुमारे एक कोटी तारे. धूमकेतू शोधता शोधता फसवणाऱ्या डागांची यादी करणाऱ्या शार्ल मेसिएच्या 110 नोंदींमध्ये हा नाही, कारण पॅरिसच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. एडमंड हॅलीनं 1677 मध्ये त्याची नोंद केली ती दक्षिण गोलार्धातल्या सेंट हेलेना बेटावरून. आणि नाशिकला तो 22 अंश वर येतो, अंजनेरीच्या डावीकडे, हिवाळ्यात पहाटे, उन्हाळ्यात जेवणानंतर. त्याच वेळी उलट्या बाजूला, उत्तरेला बरीच वर, मेसिए 51 ही भोवऱ्यासारखी दीर्घिका उभी असते. दोन्ही एकाच रात्री, एकाच परसदारातून.

नाना बागेतून आले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर घोंगडी. मी काही न बोलता स्टूल पुढे केलं. त्यांनी उजवा डोळा लावला, थोड्या वेळानं नजर कडेला नेली, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"घडावर भुरी आल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. "बारीक बारीक. बोट लावलं तर निघंल असं."

द्राक्षावर भुरी, ती पिठासारखी पांढरी बुरशी, बघितलेल्या माणसाला याहून नेमकं सांगता येणार नाही. मी माझ्या वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. सहाच्या आधी आकाश फिकं व्हायला लागलं आणि भुरी आपोआप निघून गेली.

जूनच्या 8 तारखेला मी ऑफिसात होते. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी नानांचा फोन आला. ते दुपारी कधी करत नाहीत, म्हणून उचलताना छातीत धस्स झालं. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"पाऊस आहे का तिकडं?" मी विचारलं.

"नाही अजून. नुसतं ऊन हाये," नाना म्हणाले. "ताई, मृग लागला आज. तिकांडं आत्ता माथ्यावर असंल ना?"

मी घड्याळ बघितलं, मनात हिशेब केला. "आत्ताच आलंय. माथ्याच्या जरा दक्षिणेला."

"हां," ते म्हणाले. थोडा वेळ फक्त ट्रॅक्टर ऐकू येत होता. मग त्यांनी फोन ठेवला.